पाणी बाहेर, हवा आत : मोटरहोमच्या वॉटर हीटरची हिवाळी तयारी

ऑक्टोबर लागला की मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन या राज्यांतल्या मोटरहोमवाल्यांची ठरलेली धावपळ सुरू होते. उन्हाळाभर फिरलेली गाडी आता पाच-सहा महिने अंगणात नाहीतर भाड्याच्या जागेत उभी राहणार असते. तिच्या पोटात पाण्याची सगळी घरगुती व्यवस्था असते : पिण्याच्या पाण्याची टाकी, पंप, स्वयंपाकघरातला नळ, शॉवर, संडास आणि या सगळ्यांत दुर्लक्षित असा वॉटर हीटर. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतही मोटरहोम बाळगणारे आहेत, आणि त्यांच्यासाठी हे काम जरा जास्तच परकं असतं. आपण वाढलो त्या प्रदेशात पाणी भरून ठेवण्याची काळजी असते. थंडी येण्याआधी नळातलं, टाकीतलं पाणी काढून टाकायचं, ही सवय आपल्या हाताला नाही.

काम तसं जेमतेम दुपारभराचं. अवघडही नाही. पण त्याला क्रम आहे. आधी उष्णता घालवायची, मग दाब उतरवायचा, मग हवेला आत यायला वाट द्यायची आणि पाण्याला बाहेर जायला. यातलं काही मागेपुढे झालं की एकतर माणूस भाजतो, नाहीतर वस्तू मोडते. म्हणून प्रत्येक पायरीमागचं कारण कळलेलं बरं. कारण कळलं की पुढच्या वर्षी कागद शोधावा लागत नाही.

गोठण्यापासून सुरुवात करू. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत दाट असतं. त्याखाली ते किंचित फुगू लागतं आणि शून्याला बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. उघड्या भांड्यात याने काही बिघडत नाही, बर्फ वर सरकतो. बंद जागेत मात्र त्याला सरकायला वाव नसतो आणि दाब चढत जातो. पूर्ण कोंडलेलं पाणी उणे २२ अंशांपर्यंत नेलं, तर हा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोन हजार पटींवर जाऊ शकतो. पितळेची झडप किंवा प्लास्टिकचा सांधा त्यापुढे टिकणं शक्यच नाही.

गोठलेले नळ नेमके कुठे फुटतात याचा अभ्यास इलिनॉय विद्यापीठात १९९०च्या दशकात झाला होता. त्यातून दिसलं ते असं : पुष्कळदा नळी बर्फाच्या जागी फुटत नाही. एका जागी बर्फाचा बूच तयार होतो, तो वाढत जातो आणि त्याच्या व बंद नळाच्या मध्ये अडकलेलं, अजून न गोठलेलं पाणी चेपलं जातं. फुटतं ते तिथे. आपल्या कामाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पाणी शक्य तितकं काढायचं, आणि जे काढता येत नाही त्याला एक तोंड उघडं ठेवायचं. हिवाळाभर नळ उघडे ठेवा असं जाणते लोक सांगतात, ते याच कारणाने.

हीटरबद्दलचा एक गैरसमजही यातून दूर होतो. पाणी सोडायचा खालचा प्लग काढल्यावरही टाकीच्या तळाशी दीड-दोन लिटर पाणी उरतं, कारण प्लगचं भोक अगदी तळाला नसतं. त्या पाण्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. त्याच्या डोक्यावर मोकळी टाकी आहे, ते खुशाल गोठेल. खरा धोका असतो हीटरच्या पाठीमागे, गाडीच्या आतल्या बाजूला. पाण्याला हीटरभोवती वळसा देणाऱ्या बायपासच्या झडपा, एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी चेक व्हॉल्व्ह, प्लास्टिकची कोपरी, पुढे पंप आणि बाहेरचा शॉवर, या सगळ्यांत घोटभर पाणी राहतं. मोटरहोममधल्या पेक्स या लवचिक प्लास्टिकच्या नळ्या थोड्या ताणल्या जातात, त्यामुळे त्या बऱ्याचदा वाचतात. सांधे ताणले जात नाहीत. वसंतात पंप सुरू केल्यावर पलंगाखालून पाणी वाहू लागतं, ते बहुतेक अशा एखाद्या सांध्यातून.

आता आपल्या गाडीत कोणता हीटर आहे ते पाहू. गाडीच्या बाहेरच्या अंगाला हातभर रुंद पत्र्याचं चौकोनी दार असतं, त्याच्यामागे हीटर. अमेरिकेत वर्षानुवर्षं दोन नावं मुख्यतः दिसत आली आहेत : सबर्बन आणि अ‍ॅटवूड. अ‍ॅटवूड २०१४ साली डोमेटिक कंपनीकडे गेली, त्यामुळे नंतरच्या हीटरवर ते नाव दिसेल. टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटर, नाहीतर दहा गॅलनची, म्हणजे ३८ लिटर. दोन्ही हीटर गॅसवर चालतात आणि पुष्कळ मॉडेलांत विजेची कॉइलही असते. फरक टाकीच्या धातूत आहे. सबर्बनची टाकी पोलादाची, आतून काचेसारखा मुलामा दिलेली. अ‍ॅटवूडची अ‍ॅल्युमिनियमची. खाली दिसणाऱ्या प्लगवरूनही ओळख पटते. सबर्बनला मोठं षटकोनी धातूचं डोकं असतं आणि त्यामागे टाकीत शिरलेली लांब दांडी, म्हणजे अ‍ॅनोड रॉड. अ‍ॅटवूडला साधा प्लास्टिकचा प्लग. पुढचं सगळं याच फरकावर अवलंबून आहे.

पहिली पायरी उष्णतेची. गॅसचा स्विच गाडीच्या आत पॅनेलवर असतो. विजेच्या कॉइलचा स्विच वेगळा असतो, आणि सबर्बनच्या अनेक हीटरांवर तो बाहेरच्या दारामागे, खाली डाव्या कोपऱ्यात, लहानसा काळा, सहज नजरेतून निसटणारा. दोन्ही बंद करायचे. तेवढ्यावर न थांबता आतल्या वीजफलकावरचा हीटरचा ब्रेकरही पाडायचा. कारण सरळ आहे. ही कॉइल साधारण १,४०० वॉटची असते आणि तिची उष्णता पाणी वाहून नेतं म्हणून ती टिकते. कोरड्या टाकीत ती सुरू झाली तर पाहता पाहता जळते. गाडी घराच्या विजेवर लावलेली आहे, कुणीतरी सहज बटण दाबलं, एवढं पुरतं.

स्विच बंद केल्यावर पाणी गार होऊ द्यायचं. या हीटरमधलं पाणी ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापलेलं असतं. ६० अंशांचं पाणी अंगावर पाच सेकंद राहिलं तरी कातडी खोलवर भाजते, आणि इथे तर ते बोटभर जाड धारेने समोर येणार असतं. सर्वांत चांगलं म्हणजे आदल्या रात्री हीटर बंद करून सकाळी काम करणं. घाई असेल तर पाण्याचा पुरवठा चालू ठेवून गरम पाण्याचा नळ सोडून द्यावा. टाकीतलं गरम पाणी निघून जातं, त्या जागी गार पाणी येतं. नळाखाली हात धरून ते पूर्ण गार लागल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

दुसरी पायरी दाबाची. पंप बंद, कॅम्पग्राउंडच्या किंवा घराच्या नळाचा पाइप सोडवलेला. मग आतले गरम आणि गार दोन्ही नळ उघडायचे. क्षणभर पाणी येतं, धार बारीक होते, थांबते. दाब उतरल्याची ही खूण.

हीटरच्या वरच्या भागात पितळेची एक झडप असते, तिला छोटी उचलती पट्टी असते. तिला पी-टी व्हॉल्व्ह म्हणतात, म्हणजे दाब आणि तापमान या दोन्हींवर नजर ठेवणारी झडप. आतला दाब १५० पीएसआयपर्यंत गेला किंवा पाणी २१० अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ ९९ अंश सेल्सियसला पोचलं, तर ती आपोआप उघडते. हीटरच्या सुरक्षिततेचा हा शेवटचा आधार आहे. काही जण याच झडपेची पट्टी उचलून दाब सोडतात. मला ते पटत नाही. दाबाखालचं पाणी झडपेतून सुसाटत निघताना टाकीतले क्षाराचे कण झडपेच्या बैठकीवर अडकतात आणि मग ती थेंब थेंब गळत राहते. दाब नळांतून उतरवावा. या झडपेचं काम पुढच्या पायरीला आहे.

आता प्लग. सबर्बनसाठी एक पूर्णांक एक षोडशांश इंचाचा सॉकेट लागतो. २७ मिलिमीटरचाही बसतो. सोबत लांब दांड्याचा पाना आणि एक एक्स्टेन्शन हवं, कारण गॅसच्या नळीच्या आडून पोचायचं असतं. वर्षभर न हललेला रॉड घट्ट बसलेला असतो. हिसका न देता सलग, वाढता जोर लावावा. उभं राहायचं ते बाजूला, समोर नाही. दाब उतरलेला असला तरी टाकीत वीस-तीस लिटर पाणी आहे आणि ते थेट पुढे झेपावतं. प्लग निघाला की पाणी आधी जोरात येतं, मग गचके देत, गुळगुळ करत येऊ लागतं, कारण आत जायला हवेला दुसरी वाट नाही. तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपण समोरासमोर दोन भोकं पाडतो ना, एक तेलाला आणि एक हवेला, तसंच इथे करायचं. वरच्या पी-टी झडपेची पट्टी आता उचलून उभी करायची. हवा वरून आत शिरते, पाणी खालून एकसारखं बाहेर पडतं. दाब नसल्यामुळे झडपेच्या बैठकीलाही त्रास होत नाही.

अ‍ॅटवूडचा प्लास्टिकचा प्लग उघडताना जोर बेताचाच लावावा, त्याचे कोपरे लवकर झिजतात. तो प्लास्टिकचा का, हा प्रश्न रास्त आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा पितळेचा मजबूत प्लग मिळतो आणि तो बसवायचा मोह होतो. बसवू नये. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की दोघांमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. झिजतात ते नेमके टाकीचे आटे. एक-दोन डॉलरचा प्लास्टिकचा प्लग दर वर्षी नवा घालणं परवडतं, टाकी बदलणं परवडत नाही.

सबर्बनच्या रॉडमध्ये हाच प्रवाह आपल्या कामाला लावलेला आहे, आणि या हीटरमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. पोलादाच्या टाकीवरचा मुलामा कितीही चांगला असला तरी त्याला कुठेतरी बारीक तडा असतोच. सांध्यापाशी, आट्यांपाशी उघडं लोखंड पाण्याला लागतं आणि गंज सुरू होऊ शकतो. तिथे मॅग्नेशियमची दांडी पाण्यात सोडली, आणि ती टाकीला जोडलेली असली, की झिजण्याचं काम लोखंडाऐवजी मॅग्नेशियम पत्करतं. लोखंडापेक्षा मॅग्नेशियम आपले इलेक्ट्रॉन फार सहज सोडतं. ते सुटे झालेले इलेक्ट्रॉन टाकीच्या लोखंडाकडे जातात आणि त्याला विरघळू देत नाहीत. दांडी संपत जाते, टाकी शाबूत राहते.

ही कल्पना दोनशे वर्षांची आहे. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारत असत आणि खाऱ्या पाण्यात तो विरत असे. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले तर झिजतात ते तुकडे, तांबं वाचतं. तांबं खरोखरच वाचलं. पण विरघळणाऱ्या तांब्यामुळेच आजवर जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटत नव्हते, ते आता चिकटू लागले, जहाजं मंदावली आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र टिकलं. आज ते जहाजांच्या पोलादी तळांवर, जमिनीखालच्या पाइपलाइनींवर आणि पुण्या-मुंबईच्या न्हाणीघरांतल्या साठवणीच्या गिझरमध्येही आहे. गावाकडच्या घरी पंधरा किंवा पंचवीस लिटरचा गिझर असेल तर त्यातही बहुधा मॅग्नेशियमचा रॉड असतो. बोअरवेलच्या पाण्यावर तो लवकर संपतो, आणि सर्व्हिसिंगवाला तो बदलायला सांगतो तेव्हा पैसे काढायचा बहाणा म्हणून आपण त्याला वाटेला लावतो. तो खरं सांगत असतो.

बाहेर काढलेला रॉड हातात घेऊन नीट पाहावा. नवा असताना तो अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत असतो. वापरलेला खडबडीत, खड्डे पडलेला, काही ठिकाणी आतली पोलादी तार दिसणारा. असं झिजणं चांगलं लक्षण आहे, रॉड आपलं काम करतो आहे. तीन चतुर्थांश संपला असेल तर नवा घालावा. दोन-तीन हंगाम होऊनही रॉड कोरा करकरीत दिसला तर मात्र थांबून विचार करावा. कदाचित आट्यांवर टेफ्लॉनची टेप इतकी गुंडाळली आहे की रॉड आणि टाकी यांच्यात धातूचा संपर्कच उरलेला नाही. टेप हवी, पण दोन-तीन वेढे पुरेत. आटे एकमेकांवर घासून तिला छेदतात आणि जोड होते.

रॉड मॅग्नेशियमचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा, हे पाण्यावर ठरतं. मॅग्नेशियम अधिक जोमाने रक्षण करतं. पण काही ठिकाणच्या विहिरीच्या पाण्यात सल्फेट आणि त्यावर जगणारे जिवाणू असतात, ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. मॅग्नेशियमच्या झिजण्यातून मिळणारा हायड्रोजन या जिवाणूंना आयताच मिळतो. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड बरा पडतो. वासाला कंटाळून रॉडच काढून साधा प्लग लावण्याचा सल्ला कानावर आला तर तो पोलादाच्या टाकीसाठी मानू नये. उलट, अ‍ॅटवूडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला हा रॉड लागत नाही, तिथे तो घालूही नये.

रॉड निघालाच आहे तर टाकी धुऊन घ्यावी. बागेच्या पाइपला लावायची वाकडी, बारीक तोंडाची नळी मिळते, ती प्लगच्या भोकातून आत घालून सगळीकडे फिरवावी. पांढरे, खडीसारखे कण बाहेर येतात. तो कॅल्शियमचा क्षार, त्यात मॅग्नेशियमचा भुगा मिसळलेला. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना वेगळा होऊन तळाशी बसतो, जिथे ज्वालेची नळी असते तिथेच. त्याचा थर चढला की गॅस जास्त जळतो आणि टाकीचा धातू गरजेपेक्षा तापतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं.

आता गाडीच्या आत, हीटरच्या पाठीमागे. तिथे बहुधा एक, दोन किंवा तीन झडपांचा बायपास असतो. हीटरमध्ये गार पाणी जाणारी एक नळी, गरम पाणी येणारी एक, आणि दोघींना जोडणारी तिसरी छोटी नळी. तीन झडपांच्या रचनेत हीटरच्या दोन्ही नळ्या बंद करायच्या आणि मधली उघडायची. झडपेची मूठ नळीच्या रेषेत असेल तर ती उघडी, आडवी असेल तर बंद, हा साधा नियम. असं केलं की नळ्या फुटू नयेत म्हणून पुढे सोडायचं अँटिफ्रीझ हीटरला वळसा घालून गरम पाण्याच्या नळ्यांत जातं. हे केलं नाही तर आधी सहा किंवा दहा गॅलनची टाकी अँटिफ्रीझने भरावी लागते आणि वसंतात ते धुऊन काढायला त्याहून जास्त पाणी.

त्यानंतर गाडीच्या तळाशी असलेल्या, सर्वांत खालच्या पातळीवरच्या दोन नळ्यांची टोपणं काढावीत. बहुधा त्यांतली एक लाल आणि एक निळी असते. नळ्यांतलं बरंचसं पाणी तिथून निघून जातं. ताज्या पाण्याच्या टाकीची तोटीही सोडावी. काही जण यापुढे कॉम्प्रेसरने हवा मारून काम संपवतात. हवा मारताना दाब ४० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नये आणि एकेक नळ क्रमाने उघडावा. माझं मत विचाराल तर कडाक्याच्या थंडीच्या राज्यांत नुसत्या हवेवर विसंबू नये. हवा नळीच्या मधोमध वाट काढते आणि सांध्याच्या खोबणीतलं पाणी तिथेच राहतं.

टाकी नसलेले, चालत्या पाण्यालाच तापवणारे हीटर आता वाढत आहेत. त्यांच्यात जास्त जपावं लागतं. मोठी टाकी नाही, पण उष्णता देणारा बारीक वळणांचा भाग असतो आणि त्यातलं थोडंसं पाणीही तो फोडायला पुरेसं असतं. प्रत्येक कंपनीची रिकामं करण्याची पद्धत वेगळी, तिथे पुस्तिका वाचण्याला पर्याय नाही. युरोपातल्या गाड्यांत जर्मन ट्रुमा कंपनीच्या हीटरला तर एक झडप अशी असते की आसपासचं तापमान साधारण ३ अंशांवर उतरलं की ती आपोआप उघडते आणि टाकी रिकामी होते. ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय ती पुन्हा बंद करता येत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गाडीखालून पाणी वाहताना दिसतं आणि काहीतरी फुटलं असं वाटतं.

अँटिफ्रीझ गुलाबी घ्यायचं, हे सगळे सांगतात. पण नुसत्या रंगावर जाऊ नये, डब्यावर प्रोपिलीन ग्लायकॉल लिहिलेलं आहे ना ते वाचावं. गाडीच्या इंजिनात घालतात ते कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं. ते विषारी आहे, चवीला गोड आहे, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीत त्याचा थेंबही जाता कामा नये. काही स्वस्त गुलाबी डब्यांत अल्कोहोल असतं, ते पेट घेऊ शकतं आणि रबराच्या वायसरांना कोरडं पाडतं. डब्यावर उणे ५० अंश फॅरनहाइट लिहिलेलं असतं, म्हणजे उणे ४५ अंश सेल्सियसच्या आसपास. तो आकडा नळी न फुटण्याचा. प्रत्यक्षात हे द्रव त्याच्या खूप आधी दाटतं, अर्धवट गोठलेला गर होतो, पण नळी फोडेल असा कठीण गोळा होत नाही. म्हणूनच नळ्यांत उरलेलं पाणी आधी काढणं महत्त्वाचं. पाण्यात मिसळून ते पातळ झालं की हा आकडा खरा राहत नाही.

पंपाच्या तोंडाशी एक छोटी नळी जोडून तिचं टोक डब्यात बुडवायचं आणि पंप सुरू करायचा. खालची टोपणं त्याआधी परत लावलेली हवीत. सर्वांत जवळच्या नळापासून सुरुवात : गार बाजू गुलाबी होईपर्यंत, मग गरम बाजू. संडास, आतला शॉवर, बाहेरचा शॉवर. बाहेरचा शॉवर विसरणारे पुष्कळ. बायपास लावलेला असेल तर बहुतेक गाड्यांना दोन-तीन गॅलन पुरतात. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर ओतायचं, कारण खालच्या वाकड्या नळीत पाणी असतंच.

हीटरकडे परत येऊ. टाकी दोन दिवस उघडी वाळू द्यावी, मग आटे पुसून रॉड नुसता हाताने फिरवून लावावा, म्हणजे मुंग्या आणि गांधीलमाश्या आत जाणार नाहीत. पी-टी झडपेची पट्टी खाली करावी. स्विचवर रंगीत चिकटपट्टी लावून ‘टाकी रिकामी आहे’ असं घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहावं. गॅस सिलिंडरची झडपही बंद असावी. दार लावण्याआधी ज्वालेच्या नळीत कोळ्यांची जाळी आहेत का ते पाहून ती मऊ ब्रशने काढावीत. हवेची वाट तिथे अडली की ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. दारावर काळे डाग दिसले असतील तर ज्वालेची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. गॅसच्या जोडण्या स्वतः उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

एप्रिलमध्ये हेच उलट्या क्रमाने. रॉडला टेप लावून तो घट्ट बसवायचा. बायपास अजून लावलेलाच ठेवून नळ्या धुवायच्या, गुलाबी रंग आणि फेस जाईपर्यंत. नळ्या निर्जंतुक करायच्या तर पंधरा गॅलन पाण्याला पाव कप, म्हणजे साठेक मिलिलिटर, बिनवासाचं घरगुती ब्लीच पुरतं. काही तास ठेवून भरपूर पाण्याने धुवावं. मगच बायपास काढून हीटर भरायचा आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा. आधी फुसफुस होते, हवा आणि पाणी आलटून पालटून येतात. धार एकसंध झाली म्हणजे टाकी भरली. तोवर कॉइलचा ब्रेकर चढवायचा नाही. गॅस सुरू केल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावं.

भरलेला हीटर मध्येच दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ वापराविना राहिला तर आणखी एक गोष्ट पाळावी. रॉडच्या झिजण्यातून निघणारा हायड्रोजन गरम पाण्याच्या नळ्यांत साठू शकतो आणि तो अतिशय ज्वालाग्राही असतो. अशा वेळी दुसरं काही चालू करण्याआधी स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ काही मिनिटं उघडा सोडावा. तेवढ्या वेळात जवळ शेगडी पेटलेली नको, सिगारेट नको.

पाणी तापू लागल्यावर पी-टी झडपेतून थेंब पडताना दिसले तर लगेच झडप बदलायला धावू नये. १० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. सहा गॅलनच्या टाकीत हे वाढीव पाणी साधारण ३८० मिलिलिटर होतं. त्याला जागा मिळावी म्हणून टाकीच्या माथ्याशी हवेचा एक कप्पा राखलेला असतो. काळाने ती हवा पाण्यात विरघळते, कप्पा भरून जातो आणि वाढीव पाणी झडपेतून बाहेर पडतं. तो कप्पा परत तयार करता येतो. हीटर बंद करून पाणी गार होऊ द्यायचं, पुरवठा बंद करायचा, गरम पाण्याचा एक नळ उघडायचा आणि झडपेची पट्टी उचलून पाणी येणं थांबेपर्यंत धरायची. मग पट्टी सोडून, नळ बंद करून पुरवठा सुरू करायचा. एवढं करूनही थेंब थांबले नाहीत, तर मात्र झडप बदलावी. तिच्या तोंडाला बूच कधीही मारू नये. कोंडलेल्या, तापत्या टाकीला दाब सोडायची ती एकच वाट आहे.

वसंतात हटकून येणारी दुसरी तक्रार म्हणजे हीटर पेटतो, आवाज येतो, पण नळाला पाणी कोमट. पुष्कळ जण अशा वेळी थर्मोस्टॅट मागवतात. त्याआधी हीटरच्या पाठीमागे हात घालून बायपासची मधली झडप पूर्ण बंद आहे का ते पाहावं. ती अर्धवट उघडी राहिली की गार पाणी आडवाटेने गरम पाण्यात मिसळत राहतं. मूठ पाव फेरा फिरवली की काम होतं.